वाळूच्या गाडीचं 'ओव्हरलोड परमिट': असं काही असतं का?

तळकोकणी
नमस्कार मंडळी. कुडाळजवळ गावच्या जागेत घर बांधायला काढलंय. चिरे, खडी, वाळू ठेकेदारावर न सोपवता स्वतःच मागवतोय. गेल्या आठवड्यात सहा टायरच्या गाडीतून ३ ब्रास वाळू आली. डांबरी रस्ता सोडून वाडीकडे वळलं की वहाळावर एक जुनी मोरी लागते. तिथे वाडीतल्या लोकांनी गाडी अडवली. गाडी ओव्हरलोड आहे, मोरी खचली तर पावसात आम्ही कुठून जायचं, हा त्यांचा सवाल. ड्रायव्हरने कागद काढून दाखवला. ३ ब्रास, शिक्का, क्यूआर कोड, सगळं जागच्या जागी. "परमिट आसा, गाडी कित्याक अडवतास?" एवढं बोलून तो सावलीत जाऊन बसला. शेवटी निम्मी वाळू मोरीच्या अलीकडे ओतली आणि नंतर पिकअपने आत नेली. त्याचं भाडं अर्थात माझ्या माथी.

पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणतो, "साहेब, रॉयल्टीचा पास वेगळा आणि ओव्हरलोडचं परमिट वेगळं. ते आम्ही महिन्याचं काढून ठेवतो." म्हापशाला असलेला मावसभाऊ सांगतो की गोव्यात वजनाची मर्यादाच जास्त आहे, तुमच्याकडेच कटकट.

तर जाणकारांनी सांगावं, असं परमिट राज्य सरकार देतं का? सहा टायरला नेमकं किती चालतं? आणि गाडी पकडली तर दंड कोणाला, गाडीमालकाला की वाळू मागवणाऱ्या मला?

दहाटायर
पहिलं पासिंग, म्हणजे आरसीवर मंजूर असलेलं वजन बघा, बाकीचं नंतर. आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. केबिनच्या बाजूला रंगवलेलंही असतं, यूएलडब्ल्यू आणि आरएलडब्ल्यू. दुसऱ्यातून पहिला वजा केला की माल किती भरायचा ते कळतं.

सहा टायर म्हणजे दोन एक्सल. पुढच्याला ७ टन, मागच्या चार टायरवाल्याला ११.५ टन, मिळून १८.५. दहा टायरला मागे एक्सलची जोडी, तिला २१, पुढे ७, झाले २८. हे जुलै २०१८ पासून. त्याआधी पुढे ६ आणि मागे १०.२ होते, म्हणून सहा टायर १६.२ आणि दहा टायर २५ टन. जुन्या गाडीच्या आरसीवर १६.२ असेल तर तिला १६.२च. सरकारने वाढवून दिलंय हो, असं रस्त्यावर सांगून उपयोग नाही, आरसीवर चढलंय का तेवढंच विचारतात.

टिपरचा हौदा लोखंडी असतो. रिकामी गाडीच साडेसहा-सात टन भरते. उरलं किती, काढा तुम्हीच.

भरडावरचो
आमच्या गावात रस्तो मे महिन्यात केलो, ऑगस्टात खड्डे. पंचायतीत तक्रार घेवन गेलंय तर म्हणतत, "तुझ्या घराचे चिरे खयच्या गाडयेतसून इले?" काय बोलतलंय.

सातबारा
महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. त्या ड्रायव्हरने दाखवला तो गौण खनिजाचा वाहतूक पास. त्याचा अर्थ एवढाच की ही वाळू परवानगीच्या गटातून निघाली, तिचं स्वामित्वधन भरलंय आणि ती अमुक गाडीतून अमुक ठिकाणी चालली आहे. तो नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ४८ लागतं. पोटकलम ७ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि पोटकलम ८ खाली गाडी जप्त. ते प्रकरण तहसीलदारांकडे.

गाडीच्या एक्सलवर किती भार चालतो याच्याशी त्या पासाचा काडीचा संबंध नाही. पास ब्रासमध्ये, आरटीओ किलोत. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला १.६ टनाच्या आसपास धरतात, म्हणजे ब्रासला साडेचार टन. पण आपल्याकडची हातपाटीची वाळू खाडीतून निघते. रॅम्पवर निथळायला वेळ देतो कोण? ओली असली की तीच ब्रासला पाच टनांवर जाते. तुमच्या ३ ब्रासचे साडेतेरा ते पंधरा टन झाले. त्यात रिकामी गाडी मिळवा. वीस ते बावीस टन!

थोडक्यात, पास शंभर टक्के खरा असूनही गाडी ओव्हरलोड असू शकते. तुमच्या वाडीतली माणसं बरोबर होती.

तळकोकणी
म्हणजे ३ ब्रासचा पास सहा टायरला देणाऱ्याला हे कळत नाही का?

सातबारा
पास देणारा स्वामित्वधन मोजतो. हौद्यात आकारमान बसलं की त्याचं काम झालं. वजनाचा कायदा दुसऱ्या खात्याचा, आणि ते खातं खाणीवर किंवा रॅम्पवर उभं नसतं. आमच्या वेळेसही हा प्रश्न बैठकीत यायचा आणि चहा आला की जायचा.

काळा_कोट
मूळ प्रश्नाकडे येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ११३(३). आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरून गाडी चालवायची नाही आणि चालवू द्यायची नाही. वाळू, खडी, चिरे, सिमेंट, साखर असल्या मालासाठी ओव्हरलोडचं परमिट नावाची चीज अस्तित्वात नाही. महिन्याचं नाही, वर्षाचं नाही, राज्याचं नाही, केंद्राचं नाही. कारण साधं आहे, हा माल दोन गाड्यांत विभागता येतो.

पूर्वी काही राज्यांत शुल्क घेऊन जादा भारासकट गाडी पुढे सोडायची पद्धत होती. त्यावर परमजीत भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये स्पष्ट केलं की दंड भरला, तडजोड झाली, म्हणून तोच जादा माल घेऊन पुढे जायचा हक्क मिळत नाही. जादा माल उतरवायचा, मग गाडी हलवायची. तुमच्या पुरवठादाराकडे 'महिन्याचं परमिट' असेल तर त्याची छापील पावती मागून बघा. काय उत्तर येतं ते इथे जरूर लिहा, करमणूक होईल.

दंड कलम १९४ खाली. १ सप्टेंबर २०१९ पासून सरसकट २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. त्याआधी २,००० आणि टनाला १,००० होते. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वजन करायला नकार देऊन गाडी दामटली तर ४०,०००. माल हौद्याच्या बाहेर बाजूला, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच गेला तर त्याचे २०,०००, वजन कमी असलं तरी.

कोणाला? कायद्याचे शब्द 'जो चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो' असे आहेत. चलान गाडीच्या नंबरवर निघतं, त्यामुळे पहिला मालक. ड्रायव्हर पगारी असेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ड्रायव्हरचं लायसन्सही अडकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये ओव्हरलोडसाठी किमान तीन महिने निलंबन करायला राज्यांना सांगितलं आहे. तुमच्यासारख्या गिऱ्हाईकाला सहसा कोणी विचारत नाही, पण 'भरून आण रे, मी बघतो' असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवू नका.

गोंयकार
म्हापशाच्या भावाला सांगा की एक्सलचं वजन केंद्र सरकार ठरवतं, कलम ५८. इन्सुलीला जे वजन तेच पत्रादेवीला. राज्याला मर्यादा वाढवता येत नाही. कमी मात्र करता येते, ठराविक रस्त्यावर, पुलावर किंवा ठराविक दिवसांत.

शेवंती
गणपतीत १६ टनांवरच्या गाड्या मुंबई-गोवा हायवेवर बंद करतात, ते याच अधिकारात का? आमचा रत्नागिरीत मासळीचा धंदा आहे, दरवर्षी त्या जीआरची वाट बघत बसतो.

काळा_कोट
हो ताई, कलम ११५. सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्या-पुलाची स्थिती बघून राज्याला बंदी घालता येते. गणपतीच्या बंदीत दूध, इंधन, गॅस, औषधं, भाजीपाला अशा गाड्यांना सूट असते. दर वर्षीच्या अधिसूचनेत यादी आणि तारखा दिलेल्या असतात, त्या नीट वाचून घ्या.

शेवंती
धन्यवाद. आता माझी अडचण सांगते. आमची पिकअप. बंदरावर मासळी क्रेटच्या हिशोबाने लागते, वजन त्या मासळीचं. पण आपल्या हवेत मासळीला जवळजवळ बरोबरीचा बर्फ घालावा लागतो, नाहीतर घाट चढेपर्यंत माल गेला. त्या बर्फाचं वजन कोणाच्या चिठ्ठीत नसतं. दीड टनाची पिकअप कागदावर एक टन मासळी घेऊन निघते आणि प्रत्यक्षात दोन टन ओढत असते. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, "वहिनी, बर्फ वितळतोच की."

दहाटायर
वितळतो, पण काटा लागायच्या आधी वितळायला हवा 😀

वहिनी, तुमच्या ड्रायव्हरला सांगा, खारं पाणी चेसिसवर गळतं त्याने पाट्याचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, बोल्ट गंजून जातात. ओव्हरलोड आणि गंज एकत्र आले की पाटा चढावर तुटतो आणि मागचे सगळे आई-बहीण काढतात. लहान पिकअप वर्षानुवर्षे अशा चालवून बघितल्यात मी, एकही धड राहिली नाही.

रानमेवा
एवढे आकडे वाचून काय फायदा? कायदा कागदावर. ज्याला त्याला त्याचा वाटा पोचला की बावीस टनही अठरा होतात. सावित्रीचा पूल विसरलात? ओव्हरलोड गाड्यांनीच गेला तो.

पुलाखालचा
रानमेवा, सावित्रीचं तसं नाही. महाडजवळचा तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीला पूर असताना कोसळला, एसटीच्या गाड्या आणि माणसं वाहून गेली. तो पुराच्या पाण्याने गेला. त्याचं खापर ट्रकवाल्यांवर फोडलं की जुन्या पुलांची तपासणी कोणी करायची हा खरा प्रश्न बाजूला पडतो. नवा पूल पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी झाला, म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

रस्त्यांवर उभा जन्म गेला, म्हणून तळकोकणींच्या मोरीबद्दल सविस्तर लिहितो.

मोरीची लांबी दोन-तीन मीटर. तिच्यावर एका वेळी गाडीचा एकच एक्सल उभा असतो. त्यामुळे तिथे गाडीचं एकूण वजन जवळपास बिनमहत्त्वाचं, मागच्या एक्सलवर किती आहे ते महत्त्वाचं. म्हणून २८ टनांची नियमात भरलेली दहा टायर, २२ टनांच्या फुगलेल्या सहा टायरपेक्षा लहान मोरीला बरी पडू शकते, कारण तिचा भार जोडीत वाटला जातो. मोठ्या गाळ्याच्या पुलावर उलट, तिथे एकूण वजन बघायचं. लोक गाडीचा आकार बघून घाबरतात आणि सहा टायरला सोडून देतात, ही गफलत मी पंचायतींच्या बैठकांत फार बघितली.

आता रस्ता. एक्सलवरचं वजन आणि रस्त्याचं नुकसान सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० च्या दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यावर सुमारे दोन वर्षं ट्रक फिरवले. त्यातून निघालं की नुकसान साधारण एक्सल भाराच्या चौथ्या घातात वाढतं. आपल्याकडे रस्त्याची जाडी काढताना ८.१६ टनांचा एक्सल प्रमाण धरतात. ११.५ टनांचा कायदेशीर एक्सल एकदा गेला की तो प्रमाण एक्सल सुमारे चार वेळा गेल्यासारखं. तीन टन जादा भरले आणि ते बहुतेक मागेच बसले, एक्सल साडेचौदा टनांवर गेला, तर तोच हिशोब दहावर जातो.

तळकोकणींना ६ ब्रास वाळू लागते असं धरू. तीन-तीन ब्रासच्या दोन फेऱ्या केल्या तर मागच्या एक्सलचं नुकसान वीस. दोन-दोन ब्रासच्या तीन फेऱ्या केल्या तर एक्सल साडेदहाच्या आसपास राहतो, तिन्ही मिळून आठ. एक फेरी जादा करूनही रस्ता निम्म्याहून कमी झिजतो. हे गावच्या सभेत खडूने फळ्यावर लिहून दाखवा.

आणि हे सगळं कोरड्या रस्त्याचं गणित. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाजूपट्टी भिजलेली, खालची जांभ्याची माती पाणी पिऊन मऊ. डांबराखालचा थर ओला असताना जड एक्सल गेला की आधी कड खचते, मग भेग, मग त्यात पाणी. भरडावरचे म्हणतात ते मे ते ऑगस्ट याच क्रमाने होतं. ठेकेदाराचं डांबर कमी असेलही, नाही म्हणत नाही. पण चांगल्या डांबराचा रस्ताही साडेचौदा टनांसाठी केलेला नसतो. ग्रामीण मार्ग तर मुळात दिवसाला मोजक्या जड गाड्या धरूनच बांधतात.

तेव्हा, जाता जाता, २०१८ साली १०.२ चे ११.५ केले तेव्हा कायदेशीर गाडीनेच रस्त्याचं नुकसान साठ टक्क्यांच्या आसपास वाढलं. रस्त्याची जाडी मात्र जिथे होती तिथेच. यावर माझं मत विचाराल तर सेवेत असतानाही कोणी विचारलं नव्हतं.

दहाटायर
काका, सलाम. हे सगळं पटतं. पण आता आमच्या बाजूने ऐका.

वाळूचं, खडीचं भाडं ब्रासवर ठरतं. फेरीवर नाही. डिझेल फेरीला जळतं, ड्रायव्हरचा भत्ता फेरीला, बँकेचा हप्ता महिन्याला. दोन ब्रास नेली की दोनाचे पैसे, तीन नेली की तीनाचे. एकट्याने अंडरलोड, म्हणजे पासिंगच्या आत, चालवायचं ठरवलं की शेजारचा तीन ब्रास घेऊन तुमचं गिऱ्हाईक पळवतो. अंडरलोडला मनातून सगळे तयार आहेत, आधी कोणी व्हायचं एवढाच वांधा. गिऱ्हाईकही फोनवर पहिला प्रश्न विचारतं, "भरून आणणार ना?" घरमालकाला ३ ब्रास एका भाड्यात हवी आणि मोरीही शाबूत हवी.

माझं सांगतो. घाटावरून खाली येताना सिमेंट किंवा साखर, वर जाताना बहुतेक चिरा. पूर्वी आंबा घाटाने पासिंगच्या वर पाच-सहा टन घेऊन उतरायचो. चढताना इंजिन कुरकुरतं, पण चढण माणसाला मारत नाही, उतार मारतो. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं हा जुना नियम, तो ओव्हरलोडला पुरत नाही. ब्रेकवर पाय ठेवावाच लागतो, ड्रम तापतात, लायनरचा वास यायला लागतो आणि मग पेडल दाबलं तरी गाडी हवी तशी धरत नाही. साखरप्याला पोचून थांबलो की चाकांवर पाणी मारायचं नाही हे मला म्हाताऱ्या उस्तादाने शिकवलं, तापलेला ड्रम तडकतो. कुंभार्लीत तर वळणं अशी की समोरून एसटी आली की थांबावंच लागतं.

आता पासिंगमध्येच चालवतो. साधुसंत झालो म्हणून नाही. दंड वीस हजारांवर गेला, टायरचे भाव वाढले आणि एक मोठी पार्टी मिळाली जिच्या गोदामात काटा पावतीशिवाय गाडीच उतरवून घेत नाहीत. माल घेणाऱ्याने काटा मागितला की बाकी सगळं आपोआप सरळ होतं. आरटीओ रस्त्यात कधीतरी भेटतो, गोदाम रोज भेटतं.

रानमेवा
हे मात्र पटलं.

शेवंती
एक शंका. मग आंबा घाटात रात्री कधी कधी भला मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन शंभरेक चाकांचा ट्रेलर मुंगीच्या पावलाने जाताना दिसतो, पुढेमागे दिवे लावलेल्या गाड्या. तो नक्कीच ४०-५० टनांच्या वर असेल. त्याला कसं सोडतात?

दहाटायर
ते ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरच्या अवजड नगाची वाहतूक. त्या लायनीतले लोक गाडीला हायड्रॉलिक एक्सल म्हणतात आणि ओढणाऱ्याला पुलर. परमिट म्हणतात ते तिथे खरं असतं. ट्रान्सफॉर्मर अर्धा कापून दोन गाड्यांत घालता येत नाही म्हणून.

पुलाखालचा
बरोबर. न विभागता येणारा एकच नग, हीच अट. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, राज्य मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्जात मार्ग, ट्रेलरचा नकाशा, प्रत्येक एक्सल ओळीवरचा भार, वाटेतले पूल असं सगळं द्यावं लागतं. मग पूल त्या भाराला पेलतो का ते तपासतात. नवे पूल ज्या भारासाठी आखतात त्यात '७० आर' नावाची १०० टनांची काल्पनिक चाकांची गाडी धरलेली असते, पण जुन्या पुलांना तो हिशोब लावता येत नाही. अटीही कडक असतात. पुलावर दुसरी गाडी नको, मधोमध चालायचं, अगदी हळू, ब्रेक मारायचा नाही, गिअर बदलायचा नाही. चाकं इतकी असतात ती याचसाठी, की एकेका एक्सलवर येणारा भार आवाक्यात राहावा. त्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा तळकोकणींची वाळूची गाडी मोरीला जास्त जाचक असू शकते, विश्वास ठेवा अगर नका ठेवू.

संपादक
प्रतिसाद चांगले चालले आहेत. कोणत्या नाक्यावर कोण किती घेतं याबद्दलचे दोन प्रतिसाद काढले आहेत. नाव आणि पुरावा नसेल तर ते इथे नको.

गोंयकार
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून आहे. भरलेला ट्रक कोलाडला वॅगनवर चढवायचा, वेर्ण्याला उतरवायचा. घाट नाही, डिझेल नाही, टायर नाही. तिथे उंची आणि वजन बघूनच घेतात, त्यामुळे वरपर्यंत रचलेल्या गाड्या तिकडे फिरकत नाहीत.

काळा_कोट
इन्शुरन्सचं राहिलं होतं. अपघात झाला आणि गाडी ओव्हरलोड निघाली तर कंपनी दावा सरळ फेटाळायला बघते. अशा प्रकरणांत 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर ७५ टक्क्यांपर्यंत द्यावेत अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. पण ते ७५ टक्के मिळवायला ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पंचवीस टक्के गेले ते गेलेच.

आणि वजन कुठे करायचं यावर रस्त्यात नेहमी वाद होतो. कलम ११४ प्रमाणे अधिकाऱ्याला गाडी पुढच्या वाटेवरच्या कोणत्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर न्यायला सांगता येतं. मनात येईल तिकडे उलटं फिरवता येत नाही.

तळकोकणी
सगळ्यांचे आभार. ताजी बातमी अशी. पुरवठादाराला 'परमिटची छापील पावती' मागितली. पाच मिनिटं शांतता, मग म्हणाला, "तुम्ही दोनच ब्रास न्या ना साहेब, कशाला वाद!" फक्त दर फेरीवर धरणार म्हणतोय, म्हणजे ब्रासमागे महाग पडणार. मोरीच्या अलीकडे ओतून पिकअपने नेण्यापेक्षा तरी स्वस्तच.

आता वाडीचे लोक म्हणतात मोरीवर वजनाची पाटी लावून घेऊ. ती कोण लावतं? आणि पुढच्या महिन्यात चिरे यायचे आहेत. ते तर नगावर येतात, वजन कसं काढायचं?

पुलाखालचा
आधी रस्ता कोणाच्या वहीत आहे ते बघा. ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. ग्रामसभेचा ठराव करून मोरीच्या तपासणीची मागणी करा, नुसती पाटी मागू नका. तपासणी झाली की भाराचा आकडा त्यांनाच द्यावा लागतो. दंड करायचा तर बंदी अधिकृतपणे जाहीर झालेली हवी, गावाने रंगवलेल्या पाटीवर चलान होत नाही. सोबत मोरीच्या खालच्या बाजूचे फोटो जोडा. भेगा, उघडी पडलेली सळई, वाहून गेलेला दगड, जे दिसेल ते. ओढ्याला पाणी यायच्या आत काढा.

भरडावरचो
फोटो काढूक खाली उतरतास तर जपान, आमच्या मोरयेखाली फुरसां असतत.

दहाटायर
चिऱ्याचं सोपं आहे. खाणीवरचे चार-पाच चिरे वजनाच्या काट्यावर ठेवून सरासरी काढा. माप खाणीगणिक बदलतं. आमच्याकडे मिळतो तो कोरडा तीस किलोच्या आसपास, पावसात भिजला की पस्तीस धरायचा. सात टन रिकामी गाडी, १८.५ चं पासिंग, उरले साडेअकरा टन. ओल्या चिऱ्याचे सव्वातीनशेच्या आसपास नग झाले. आरसीवर १६.२ असेल तर दोनशे साठला थांबा. खाणीवर विचाराल तर चारशे-साडेचारशे सहज सांगतील, हौद्यात बसतातही तेवढे.

गाडी ठरवतानाच सांगा की काटा पावती हवी आणि पावतीचे पैसे मी देईन. रिकामीचं आणि भरलेलीचं, दोन्ही वजनं. एवढं ऐकून जो येतो म्हणेल त्याचीच गाडी घ्या. आणि आरसीचा फोटो आधी मागवा, आकडा इथे टाका, हिशोब मी करून देतो.